मुरबाडला चालतं, शहापूरला थांबतं

खर्डी, ता. शहापूर
२ डिसेंबर १९९४

श्री. मंगळू गोविंद देसले यांस रघुनाथ विशे याचा रामराम.

साखरपुडा तुमच्या दारी थाटात झाला, नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, हे आधी लिहितो. म्हणजे पुढचं वाचून तुम्ही डोक्यात राख घालून घेणार नाही. आमच्या सकुबाई अजून हिराबाईंच्या हातच्या वड्यांची आठवण काढतात. सरिताही सगळ्यांना पसंत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या आदेशला तुम्ही ताटातून जे घड्याळ दिलंत ते बंद पडलं. सोनेरी कड, साईच्या रंगाची तबकडी, तीन छोट्या खिडक्या, बाजूला दोन कळा, असं रुबाबदार घड्याळ आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बघतो तर ठप्प. किल्ली फिरवली, ती नुसती गरगर फिरते. कळा दाबायची हिंमत झाली नाही.

आमच्याकडून हेळसांड झाली म्हणाल तर तसं नाही. आमच्यात नवऱ्यामुलाला मिळालेली वस्तू हळदीपर्यंत अंगाला लावत नाहीत. त्या रात्रीच लाल फडक्यात गुंडाळून, कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. मुलांना हात लावू दिला नाही. मी रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढला आहे, घड्याळाची किंमत मला कळते.

माझी बहीण ठकी इथेच असते. ती म्हणाली, "बंद पडलेला घड्याळ देवात ठेवतात का रे? ह्या लक्षण बरा नाय." बायकांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. पण घड्याळ दुरुस्त झालेलं बरं. शेजारची सावळी तुमच्या गावची माहेरवाशीण. ती येते आहे, तिच्या पदराला बांधून पाठवतो.

आपला,
रघुनाथ विशे


म्हसा, ता. मुरबाड
९ डिसेंबर १९९४

व्याहीबुवांस मंगळूचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सावळीने पदराची गाठ सोडली, घड्याळ माझ्या हातात ठेवलं, आणि मी कानाला लावलं तर ते चालू. वेळ तेवढी चुकलेली. सावळी म्हणाली, "मी काय नाय केला हो, वाटभर पदरालाच होता." मी वेळ लावली आणि हातात घातलं. आज पाचवा दिवस, एक क्षण थांबलेलं नाही. मुरबाडला नेऊन दाखवायचं होतं, पण चालत्या घड्याळाला दाखवायचं काय?

हे घड्याळ माझ्या थोरल्या भावाचं. नाव बारकू, पण अंगापिंडाने माझ्या दुप्पट. बाहत्तरच्या सुमारास तानशाला पाण्याचा वेग मोजायला एक साहेब आला होता. दादा त्याचं सामान उचलायचा. साहेब वाहत्या पाण्यात लाकडाचा ठोकळा सोडायचा आणि घड्याळाची वरची कळ दाबायचा. लांब काटा धावायला लागायचा. ठोकळा खालच्या खुंटाशी पोचला की पुन्हा कळ, काटा उभा. एरवी तो काटा उभाच असतो, त्याला बंद समजू नका. जाताना साहेबाने स्वतःच्या हातातलं सोडून दादाच्या हातात बांधलं आणि म्हणाला, "इसको पहनना, रखना नहीं." दादा सांगायचा, साहेब म्हणाला मिरव, लपवू नको.

दादा गेल्यापासून ते माझ्या हातात आहे. नांगराला, मळणीला, झोपेतसुद्धा काढलं नाही. लावणीला चिखल लागेल म्हणून दंडावर चढवायचं, एवढंच. सरिता तान्ही असताना माझ्या मनगटाला कान लावल्याशिवाय झोपायची नाही. म्हणून तिच्याच घरी ते जावं असं वाटलं. जावयाला जुनं घड्याळ दिलं असं वाटलं असेल तर माफी असावी. माझ्या घरात त्याहून मोठी वस्तू नाही.

इतक्या वर्षांत बंद कधी पडलं नाही. एकदा पडलं होतं, पण ती गोष्ट वेगळी.

सावळीबरोबर परत पाठवतो आहे. निघेपर्यंत माझ्याच हातात होतं.

आपला नम्र,
मंगळू देसले


खर्डी
२३ डिसेंबर १९९४

व्याहीबुवा, रामराम.

घड्याळ सावळीने आणून दिलं तेव्हा चालू होतं, हे मी कबूल करतो. घरातले सगळे जमले. आदेश कानाला लावून हसला. मी ठकीला म्हटलं, बघ. पुन्हा कुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवलं, या खेपेला सकुबाईने नारळही फोडला. दोन दिवस झाले आणि पुन्हा बंद.

आता मला काय समजायचं ते सांगा. तुमच्याकडे चालतं, आमच्याकडे थांबतं. देशात एकच वेळ चालते असं मी रेल्वेत शिकलो. मुरबाड तालुक्याची वेळ वेगळी असते असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

ठकी आता गप्प बसत नाही. विहिरीवर बोलून आली, "घड्याळ जसा हितं येऊन थांबतो, तशी पोरगी पण हितं येऊन थांबंल. संसार पुढं जायचा नाय." विहिरीवर बोललेलं घरात यायला वेळ लागत नाही. सकुबाईने ते ऐकल्यापासून जेवण कमी केलं आहे. काल मला विचारते, "आपुन घाई केली का हो?" आदेश म्हणतो, मला सरिताशी लग्न करायचं आहे, घड्याळाशी नाही. पोरगा शहाणा आहे, पण घर एकट्या नवऱ्यामुलावर चालत नाही.

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. तुम्ही दोन दिवस चालेल एवढंच ठाकठीक करून पाठवता की काय, असंही कुणी कुणी म्हणतं. मी तसं म्हणत नाही. पण म्हशाच्या जत्रेला मी स्वतः येणार. घड्याळ घेऊन येणार आणि चार माणसांत तुमच्या पुढ्यात ठेवणार. मग काय तो निकाल लागू दे.

रघुनाथ विशे


म्हसा
३१ डिसेंबर १९९४

व्याहीबुवांस नमस्कार.

जत्रेला यावं. घर तुमचंच आहे. चार माणसांत घड्याळ ठेवायचं तर ठेवा.

ठाकठीक करून पाठवतो हे मात्र मी दोनदा वाचलं. ज्याने म्हटलं असेल त्याने म्हटलं असेल, तुम्ही ते लिहिलंत याचं वाईट वाटलं. मी ते घड्याळ आजवर उघडलेलं नाही. आत काय आहे हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही झाली नाही.

ते तुमच्याकडे का थांबतं हे मला कळत नाही. म्हणजे कळतं असं वाटतं, पण तसं नसावं अशी रोज प्रार्थना करतो. हे तुम्हाला कोड्यात बोलल्यासारखं वाटेल. पण सध्या याहून अधिक लिहवत नाही. सरिताला काही सांगितलेलं नाही. ती रुखवताला तोरणं विणते आहे.

मंगळू


म्हसा
२१ जानेवारी १९९५

रा. रघुनाथराव विशे यांस मंगळू देसले याचा नमस्कार.

व्याहीबुवा असं लिहिलं नाही ते मुद्दाम.

जत्रेत मी तुम्हाला पाहिलं. बैलबाजाराच्या कडेला तुम्ही उभे होता. दादाचं घड्याळ तुमच्या हातात होतं, उन्हात कड चमकली म्हणून लांबूनच ओळखलं. मी बैल धरायला दुसऱ्याच्या हातात दिला आणि तुमच्याकडे निघालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि घोंगड्यांच्या दुकानाआड झालात. घरी हिराबाईने पुरणाचा स्वयंपाक केला होता. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. सरिताने विचारलं, "बाबा, आलं नाय का ते?" मी म्हटलं, गाडी चुकली असंल.

तेव्हा आता मनातलं लिहितो, लपवून उपयोग नाही.

दादा काविळीने गेला. शेवटच्या आंघोळीला त्याच्या हातातलं घड्याळ काढून मी खुंटीला अडकवलं. सावडायच्या दिवशी घरी येऊन बघतो तर ते थांबलेलं. आई म्हणाली, "गेला तो. आता संगती तो पण गेला." दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. सगळ्यांनी सगळं कबूल करून पाहिलं. जमिनीचं, वहिनीचं, गुरांचं. कावळा झाडावरून हलेना. मला काय सुचलं कोण जाणे, घरी जाऊन मी ते बंद घड्याळ आणलं, हातात बांधलं आणि म्हणालो, दादा, हे मी सांभाळतो. कावळा खाली उतरला. घरी येईपर्यंत घड्याळ चालू झालं होतं. ते त्या दिवसापासून चालू आहे.

दादा त्यात आहे असं मी आजवर कुणाला म्हटलं नाही. लोक हसले असते. पण माझा तसा विश्वास आहे. बैल घ्यायचा, पेरणी करायची, तर मी आधी मनगट कानाला लावतो. सरिताला तुमच्या घरी द्यायचं ठरवलं तेव्हाही लावलं होतं. तेव्हा ते नेहमीसारखं चाललं होतं, म्हणून मी होकार दिला.

आणि तुमच्या घरी जाऊन ते दोनदा थांबलं. मला तुमच्यावर राग नाही. पण दादा जिथे राहायला तयार नाही, तिथे मी पोरगी कशी पाठवू? आणि तुम्हीही तोंड फिरवून गेलात, तेव्हा तुमच्याही मनात नसावं. साखरपुड्याची साडी आणि नारळ परत पाठवण्याची व्यवस्था करतो. घड्याळ सावळीच्या हाती पाठवा, एवढीच विनंती. सरिताला कसं सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. रात्री हात रिकामा लागतो.

मंगळू देसले


खर्डी
२२ जानेवारी १९९५

व्याहीबुवा, साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे येऊन न भेटता परत फिरलो, याची माफी मागायला हे पत्र. काय झालं ते ऐका आणि मग मला शिव्या द्या.

जत्रेत खिसे कापतात. म्हणून बंद घड्याळ खिशात न ठेवता पहाटेच मनगटावर बांधलं, वरून शर्टाची बाही ओढली. मनात भांडणाची सगळी तयारी होती. एसटीत शेजारच्याला तुमची तक्रार दोनदा सांगून झाली. बैलबाजारात एकाने विचारलं, "काका, किती वाजलं?" नोकरीतली सवय, मी बाही सारून सांगितलं, सव्वाचार. तो हसायलाच लागला. "काका, आजून जेवायची येळ नाय झाली!" तेव्हा मी नीट पाहिलं. छोट्या खिडकीतला काटा टुणटुण चालला होता. वेळ चुकीची, पण घड्याळ जिवंत.

तेवढ्यात तुम्ही दिसलात. चार माणसांत निकाल लावीन म्हणून मीच लिहिलं होतं, आणि निकाल तर माझ्याच मनगटावर टिकटिक करत होता. तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून घोंगड्यांच्या दुकानाआड झालो. गरज नसताना एक घोंगडीही घ्यावी लागली, तो दुकानदार बघत होता म्हणून.

परतीच्या गाडीत मला वाटलं, मुरबाडची हद्द संपली की हे थांबणार. सारखा बघत होतो. किन्हवली आली, थांबलं नाही. शहापूर आलं, थांबलं नाही. खर्डीत उतरलो तेव्हाही चालूच. मी ठकीच्या नाकासमोर धरलं. मग सोवळ्याने पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. आणि दोन दिवसांनी पुन्हा बंद.

मी डोक्याला हात लावून बसलो. सकुबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या हातात होता तवर चालला ना? देवात ठेवला का थांबतो. बांधा परत." मी बांधलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, काटा चालायला लागला. काढून खुंटीला लावलं तर थांबतं का हे बघायला आता धीर होत नाही, म्हणून ते माझ्याच हातात आहे. सकुबाई म्हणते, "ह्याला मान नको, माणसाचा हात पायजे." आत काहीतरी असं असावं की हात हलला की ते चालतं. तुमच्या साहेबाने बारकूदादाला तेच सांगितलं होतं. पहनना, रखना नहीं. तुम्ही त्या घड्याळाला कधी हातातून काढलं नाहीत आणि आम्ही कधी हातात घातलं नाही. मग दोघांनाही कळणार कसं?

उत्तर लवकर द्या. मला झोप नाही.

तुमचा,
रघू


खर्डी
२७ जानेवारी १९९५

व्याहीबुवा,

तुमचं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेलं दिसतं. तुमचं आज मिळालं. मी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबलो, पुढचं आदेशने वाचून दाखवलं. सकुबाई पदर तोंडाला लावून बसली. ठकीसुद्धा रडली, खोटं सांगत नाही.

साडी आणि नारळ परत पाठवलेत तर मी स्टेशनवरूनच मागे लावून देईन.

बारकूदादा सावडायच्या दिवशी थांबला नव्हता. घड्याळ खुंटीला होतं म्हणून थांबलं. आमच्या देव्हाऱ्यात थांबलं तसंच. दादाला आमचं घर नापसंत नाही, व्याहीबुवा. आम्हीच त्याला माणसात घेतलं नाही, देवात बसवून ठेवलं.

एवढं मला कळतं. पण दहाव्याला कावळा का शिवला ते मला कळत नाही, आणि कळायला नकोच. घड्याळ कसं चालतं ते मी तुम्हाला सांगितलं, कावळ्याचं तुमचं तुमच्याकडे असू द्या.

आमची रीत मी मोडली. ठकी, सकुबाई, सगळ्यांसमोर आज घड्याळ आदेशच्या हातात बांधलं. हळदीच्या आधी. काही आभाळ कोसळलं नाही. आता तुमचा शब्द हवा. पोराने आज दिवसभर धड खाल्लेलं नाही.

रघू


म्हसा
४ फेब्रुवारी १९९५

व्याहीबुवांस मंगळूचा नमस्कार.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसू आलं, घोंगडीचं तर हिराबाईला तीनदा वाचून दाखवलं. दुसरं गोठ्यात बसून एकट्याने वाचलं.

लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखात. सरिताला मधलं काहीच कळू दिलं नव्हतं, आता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मना विचारला असता तर! मी लहान असताना तुमी तापात दोन दिस निजून राहिलात का, घड्याळ मागं पडायचा." पोरीला ठाऊक होतं आणि आपण दोघे बापे तालुक्यांच्या हद्दी मोजत होतो.

पण खरं सांगू का, माझं मन अजून जागेवर नाही. इतकी वर्षं दादा चालतो आहे असं समजत होतो, तो माझाच हात होता. दादा मग कुठे होता? एकीकडे पोरीचं लग्न वाचलं म्हणून आनंद आहे, आणि एकीकडे दादा आज पुन्हा गेल्यासारखं वाटतं. बैल घ्यायचा आहे, विचारायला कुणी नाही. रिकामं मनगट कानाला लावलं, तर काहीच ऐकू आलं नाही.

हे तुम्हाला का लिहितो आहे कळत नाही. वाचून फाडून टाका.

मंगळू


खर्डी
१४ जुलै १९९५

ती. बाबांना सरिताचा नमस्कार.

मी सुखात आहे. सासूबाई मला लावणीला पाठवायला तयार नव्हत्या, मीच गेले. इथली खाचरं आपल्यापेक्षा खोल आहेत. आईला सांगा, ठकी आत्याबाईंना माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आवडते, आता त्या माझ्याच बाजूने बोलतात.

मामंजींनी तुमचं शेवटचं पत्र फाडलं नाही. मला वाचायला दिलं. म्हणाले, "तुझ्या बापाला मना काय उत्तर देता येत नाय. तू दे." म्हणून लिहिते.

यांना आसनगावच्या कारखान्यात काम लागलं. मशिनवर हातात घड्याळ घालू देत नाहीत. पहिल्या दिवशी ते मामंजींच्या हातात देऊन गेले. मामंजी अंगणात येरझाऱ्या घालत बसले, थांबायला नको म्हणून. दुपारपर्यंत दमले. मग सासूबाई म्हणाल्या, सुनेला द्या, ती कुठे जागेवर बसते. तेव्हापासून सकाळी ते काढतात आणि मी घालते. संध्याकाळी मी काढते आणि ते घालतात. मधे खुंटीला लागत नाही. मला सैल होतं म्हणून लावणीला दंडावर बांधते, तुम्ही बांधायचात तसंच. बायका हसतात. मी म्हणते, हसा.

तुम्ही विचारलंत, दादा मग कुठे होता. बाबा, काकांना मी पाहिलेलं नाही. मला फक्त तुमचा हात ठाऊक आहे. पण काकांच्या हातातून तुमच्या हातात आलं तेव्हा ते मधे थांबलं होतं. तुमच्या हातातून माझ्या हातात आलं तेव्हाही थांबलं. पुढचा हात मिळाला की चाललं.

काल लावणी लवकर आटोपली. बांधावर बसले, दंडावरचं सोडून हातात घेतलं आणि वरची कळ दाबली. लांब काटा धावायला लागला. ओहळात पान सोडलं आणि ते रस्त्याखालच्या मोरीपर्यंत पोचेस्तोवर बघत बसले, साहेब करायचा तसं. पुन्हा कळ दाबली, काटा उभा राहिला. मग कानाला लावलं. तान्ही असताना ऐकायचे तोच आवाज.

बैल घ्यायचा असेल तर दिवाळीला येते तोवर थांबा. मी हात पुढे करीन. तुम्ही कान लावा.

तुमची,
सरिता